फाटकाचा डावा खांब

त्या बागेला दोन नावं होती आणि दोन्हींसाठी माणसं डोकी फोडायला तयार होती. पहिलं नाव गिरणीवाल्याचं. शहराबाहेरची पडीक जमीन त्याने घेतली, भर टाकून सपाट केली, झाडं लावली आणि नगरपालिकेला दान करून टाकली, म्हणून फाटकावर त्याचं नाव. पुढे गिरणी बुडाली, कामगार देशोधडीला लागले, गिरणीवाल्याचे नातू परदेशात स्थायिक झाले आणि त्या नावाला वाली उरला नाही. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की फार पूर्वी इतिहासातल्या एका सेनापतीने म्हणे याच जागी घोड्याला पाणी पाजलं होतं. एका प्राध्यापकाने वर्तमानपत्रात लिहिलं की सेनापती या बाजूला कधी फिरकलाच नव्हता. प्राध्यापकाच्या घरावर दगड पडले. त्यानंतर सेनापती इथे येऊन गेला याबद्दल कुणी शंका काढली नाही.

गिरणीवाल्याच्या बाजूनेही माणसं उभी राहिली, कारण सेनापतीच्या बाजूला जायला ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं त्यांनाही कुठेतरी जायचं होतंच. पाटी बदलायची, तिला डांबर फासलं जायचं, पुन्हा बदलायची. अशाच एका मारामारीत रखवालदाराचा डोळा गेला. तो कोणत्या बाजूचा, हे कुणी विचारलं नाही. पाटीखाली उभं राहायचा त्याला पगार होता, एवढंच.

बागेच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे, एक लॉन्ड्री होती. बागेतल्या माळ्याची बायको तिथे खिडकीशी इस्त्री करायची. दोन्ही बाजूंचे कापडी फलक तिच्याच टेबलावर यायचे, कारण जवळपास दुसरी लॉन्ड्री नव्हती. मालक ते वेगवेगळ्या पिंपात भिजत घालायचा.

"एकाचा रंग दुसऱ्याला लागला ना," तो म्हणायचा, "तर यांची दोस्ती होईल आणि आपली हाडं मोडतील."

तिथे काम करणाऱ्या बायका हसायच्या. माळ्याची बायकोही हसायची आणि पाण्याचा हबका मारून नावाच्या अक्षरांवरून इस्त्री फिरवायची. तिला वाचता येत होतं, पण कुठलं नाव आहे हे ती बघत नसे. तिचं लक्ष खिडकीबाहेर असायचं. मालकाने तिला दोनदा आतल्या पंख्याखालचं टेबल देऊ केलं, ती हलली नाही. "उन्हाची हौस आहे बाईला," असं म्हणून त्याने नाद सोडला.

हौस कसली. त्या खिडकीतून फाटकाचा डावा खांब दिसायचा.

बागेला कुठलंच नाव नव्हतं, तेव्हा गरिबांच्या घरांत त्या जमिनीची एकच ओळख होती. दात यायच्या आत गेलेली लेकरं तिथे पुरायची. दगड नाही, खूण नाही. खड्डा करायचा, माती ओढायची आणि मुकाट घरी यायचं. शहर वाढलं, गिरणीवाल्याने भर टाकली, वर हिरवळ आली, आणि ज्यांची लेकरं खाली होती त्यांनी तोंडं मिटली. या माणसांची बाजू कुणी घेतली नाही, आणि त्यांनीही कुणाची घेतली नाही.

तिची मुलगी तिथेच होती. पहिली आणि शेवटची, जेमतेम पंधरवड्याची. माळी तेव्हा माळी नव्हता; एका ठेकेदाराबरोबर लांब कुठेतरी हमरस्त्याच्या कडेने झाडं लावत फिरत होता. मुलगी झाल्याचा निरोप आणि गेल्याचा निरोप त्याला एकदमच मिळाला. पुरायला थोरला दीर गेला. बाळंतिणीने येऊ नये असं सगळ्यांनी बजावलं, तरी ही भिंती धरत धरत त्याच्या मागे गेली. खाणीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी दोन दगडी खांब होते; पुढे बागेचं फाटक त्यांनाच बसलं. डाव्या खांबाला टेकून ती बसली, आणि तिच्या पावलांपासून हातभरावर दिराने खड्डा घेतला.

महिन्याभराने नवरा परत आला. तोवर गिरणीवाल्याच्या गाड्यांनी मातीचे ढीग ओतले होते, खांब निम्मे बुडाले होते, आणि दिराला कुठलं काय ते कळेना. धाकटा भाऊ समोर उभा राहून रडतोय म्हटल्यावर त्याने एका शिरिषाच्या झाडाखाली बोट दाखवलं. नवरा घरी आला तो जरा सावरूनच.

"सावली आहे गं तिथं," तो म्हणाला. "शिरीष आहे मोठा. मला वाटलं होतं उघड्यावर असेल."

ती चकित होऊन त्याच्याकडे बघत राहिली. शिरीष तर पार आत, खांबापासून कितीतरी लांब. पण कित्येक दिवसांनी तो पोटभर जेवत होता. जेवू दे, उद्या सांगू, असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी तो त्या झाडाखाली रोप लावून आला. मग कसं सांगणार? आज सांगू, उद्या सांगू करता करता बाग झाली, तो बागेत माळी म्हणून चिकटला, आणि त्या रोपाचा वाफा झाला.

त्या वाफ्यात त्याने आयुष्यात कुदळ घातली नाही की फावडं. खुरपंसुद्धा बोटभरच आत जाऊ द्यायचा. मुळं उथळ राहतील अशीच फुलझाडं लावायचा. एखाद्या नव्या गड्याने चुकून फावडं उचललं तर हा शांत माणूस त्याच्या अंगावर धावून जाई. रोज संध्याकाळी घरी येऊन तो वाफ्याची खबर सांगायचा. आज कळ्या धरल्या, आज कीड लागली होती, पण काढली. तो कधी 'वाफा' म्हणायचा नाही, 'आपली' म्हणायचा. ती हूं हूं करत ऐकायची. कधी तिला त्याची माया यायची, कधी इतका संताप यायचा की हातातलं भांडं आपटावंसं वाटे. सगळं कौतुक भलत्याच जागेला चाललं होतं, आणि तिच्या मुलीच्या वाट्याला फाटकाजवळचा कठडा. तिथे फुगेवाला उभा राहायचा, एवढंच काय ते बरं होतं.

बागेत मात्र तिने कधी पाऊल ठेवलं नाही. तिला सोसवत नाही, असं नवरा समजायचा. खरं कारण वेगळं होतं. त्या वाफ्यासमोर उभी राहिले तर माझा चेहरा बोलून जाईल, याची तिला भीती होती.

असं सगळं चाललं होतं. मग सेनापतीची बाजू निवडून आली आणि बागेत पुतळा बसवायचं ठरलं. एकदा पुतळा बसला की नावाचा वाद मिटला, कारण पुतळ्याला डांबर फासणं सोपं असलं तरी उचलून नेणं सोपं नसतं. साहेब लोक नकाशे घेऊन आले आणि त्यांनी चौथऱ्याच्या खुंट्या नेमक्या शिरिषाखाली ठोकल्या. माळ्याचं खाणंपिणं तुटलं. "ते आपलीला उकरणार," एवढंच तो बोलायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. तिलाही वाईट वाटलं. पण खोटं कशाला सांगा, मनाच्या एका कोपऱ्यात तिला सुटल्यासारखंही झालं. वाफा गेला तर त्याबरोबर तिचं गप्प बसणंही संपलं असतं.

आणि एका संध्याकाळी तो हसत घरी आला. येताना मिठाईचा पुडा घेऊन आला होता.

"जमलं," तो म्हणाला. "साहेबाला पटवलं. म्हटलं, शिरिषाखालून पाण्याची मोठी लाइन गेलीय, चौथरा खचेल, उद्या सेनापती तिरका उभा राहिला तर लोक तुम्हाला धरतील. घाबरला. मग मीच जागा सुचवली. पुढारी पण होते तिथं. त्यांनी पाठ थोपटली माझी. उद्याच खणायला घेणार."

"कुठली जागा?" तिने विचारलं.

"फाटकाजवळ. डाव्या खांबाला लागून, कठड्याच्या आत. रस्त्यावरून येता-जाता दिसेल. ते फुगेवालं बेणं उभं राहतं बघ, तिथंच."

ती खाली बसली.

"काय गं?"

"काही नाही. पाठीत भरलंय. दिवसभर उभी होते."

त्याने तिला पाट दिला, पाणी दिलं, मिठाईचा तुकडा स्वतःच्या हाताने तिच्या तोंडात घातला. तिने तो चावला आणि गिळला. आत्ताच सांगून टाक, असं मन म्हणत होतं. समोर तो लहान मुलासारखा खूश होऊन बोटं चाटत बसला होता. पुन्हा तेच झालं. जेवू दे, उद्या सांगू.

सकाळी लॉन्ड्रीत जाण्याआधी ती थोरल्या दिराकडे गेली. म्हातारा दम्याने बेजार, लेकीच्या घरी बाजेवर बसून असायचा. लेक पाणी भरायला गेल्याचं बघून तिने विषय काढला.

"भाऊजी, तुम्ही त्यांना सांगा. जागा चुकली होती म्हणा. तुमचं ऐकतील ते."

म्हातारा धापा टाकत सरळ बसला.

"मी मुद्दाम नाही केलं," तो म्हणाला. "सगळीकडे मातीच माती. हा माझ्या पाया पडून विचारत होता. काहीतरी दाखवायला हवं होतं."

"ते कळतं मला. पण आज खणणार आहेत."

"काय उरलं असेल गं आता? एवढासा जीव तो. माती झाली असेल केव्हाच. खणू दे. तू गप्प राहिलीस, मी गप्प राहिलो, त्याचं आयुष्य निभावलं. आता या वयात त्याला कुठं नागवा करतेस?"

ती उठली. म्हाताऱ्याचं बोलणं खोटं नव्हतं आणि त्याचाच तिला राग आला. माती झाली असेल, तर ती माती माझी आहे, असं तिला म्हणायचं होतं. पण दम्याने वाकलेल्या माणसाला काय बोलणार.

लॉन्ड्रीत त्या दिवशी सेनापतीच्या फलकांचा ढीग पडला होता. दुसऱ्या दिवशी पुढारी येऊन पहिला दगड बसवणार होते. ती खिडकीशी उभी राहून इस्त्री करत होती. फाटकाच्या आत चुन्याच्या रेषा आखलेल्या दिसत होत्या. फुगेवाल्याला हुसकून लावलं होतं. दुपार कलली तेव्हा एक ट्रक मागे मागे येत फाटकाला लागला, एक मुकादम आणि चार मजूर उतरले आणि पहिली कुदळ पडली. तिने इस्त्री उभी करून ठेवली, बटण बंद केलं आणि मालकाला काही न सांगता रस्ता ओलांडला.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती त्या फाटकातून आत गेली. खड्डा अजून गुडघाभर होता, वरची भर निघत होती. मुरूम, विटांचे तुकडे. ती कडेला थांबणार तोच माळ्याने तिला पाहिलं. हातातली नळी टाकून तो जवळजवळ पळतच आला.

"तू आलीस," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "मला वाटलंच होतं, तू एक दिवस येशील. चल."

त्याने तिचा हात धरला. चारचौघांत त्याने असा हात कधी धरला नव्हता. तिला फरफटत नेल्यासारखं वाटत होतं, पण ती गेली. शिरिषाखाली वाफा होता. पांढऱ्या आणि जांभळ्या फुलांनी गच्च भरलेला, कडेला विटा तिरक्या लावलेल्या, एक पिवळं पान कुठे नाही. इतका सुंदर असेल असं तिला वाटलं नव्हतं. त्याने कधी स्वतःचं अंगण असं राखलं नव्हतं.

"बघ," तो म्हणाला. "आपली."

ती बघत राहिली. पाठीमागे कुदळीचा आवाज येत होता. मुरुमावर तो खणखणीत यायचा. मग एकाएकी तो मऊ झाला. भर संपून जुनी जमीन लागली होती. पाठमोरी असूनही तिला ते कळलं. सांगायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात फाटकाकडून मुकादमाची हाक आली.

"माळीबाबा, जरा इकडे या."

दोघं गेले. मजूर खड्ड्याबाहेर येऊन उभे होते. काळ्या मातीच्या एका ढेकळात बारीक हाडं दिसत होती, काटक्यांएवढी. शेजारी एक निळं काचेचं बटण पडलं होतं. ते बटण तिने ओळखलं. बाळंतपणाच्या आधी तिने एक अंगडं शिवलं होतं, त्याला स्वतःच्या जुन्या झग्याचं बटण लावलं होतं. नवऱ्याने ते अंगडं कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे तो त्या बटणाकडे नुसता बघत राहिला.

मुकादमाने आवाज खाली आणला. "बाबा, तुम्ही जुने आहात. हे काय आहे? माणसाचं असलं तर मला वर कळवावं लागेल. मग पोलीस येणार, गिरणीवाल्याची माणसं येणार, सगळी बाग उकरून बघा म्हणणार. एक वाफा शिल्लक राहायचा नाही."

माळ्याने शिरिषाकडे पाहिलं. त्याला विचार करायला क्षणभरही लागला नाही.

"कुत्रं असणार," तो म्हणाला. "बागेत मेलेली कुत्री आम्ही कठड्याशी पुरतो. पिल्लू दिसतंय."

"आणि बटण?"

"बागेत काय काय सापडतं. परवा एक कवळी सापडली."

मजूर हसले. मुकादमाचा जीव भांड्यात पडला. त्याने खूण केली, एकाने फावडं घालून ते ढेकूळ तसंच ट्रकमध्ये फेकलं. दुसऱ्याने बटण उचलून सदऱ्याला पुसलं आणि खिशात टाकलं. घरी त्याची मुलगी असेल.

माळी बायकोला बाजूला घेऊन चालू लागला.

"कुणाचं तरी पोर होतं ते," तो हळूच म्हणाला. "मला कळत नाही होय? पण काय करणार? खरं बोललो असतो तर आपलीला उकरली असती."

"अहो, ती माती आपल्या वाफ्यात टाकायला सांगा."

"काय?"

"ट्रकमधली. काळी माती आहे, चांगली आहे. सांगा ना."

"वेड लागलं का तुला? मुकादमाला संशय येईल. आणि दुसऱ्याचं पोर आणून आपलीच्या अंगावर टाकायचं?"

"दुसऱ्याचं नाही ते."

तो थांबला. मग तिने सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. खांब, दीर, मातीच्या गाड्या, बटण. बोलताना तिला वाटत होतं की तो मध्येच ओरडेल, हात उगारेल. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"तुम्ही जेवत होता," ती म्हणाली.

मागे ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. तो वळला आणि धावला. तिने त्याला तरुणपणीही असं धावताना पाहिलं नव्हतं. ट्रकच्या फळीला त्याने हात घातला, पण गाडीने वेग घेतला आणि फळी सुटली. तो रस्त्यावर गुडघ्यांवर पडला. मुकादमाने येऊन त्याला उठवलं.

"थांबवा ती गाडी," माळी म्हणाला. "ते कुत्रं नव्हतं. माझी आहे."

"काय माझी?"

"मुलगी. माझी मुलगी आहे ती."

मुकादमाने आधी त्याच्याकडे, मग मजुरांकडे पाहिलं. त्याला हसावं की घाबरावं ते कळेना.

"बाबा, मघाशी तुम्हीच म्हणालात कुत्रं. चार माणसांसमोर म्हणालात. आता भर कुठं पडते मला काय माहीत, शहराबाहेर तीन ठिकाणी चाललीय. उद्या सकाळी पुढारी येणार आहेत. तुम्ही घरी जा, ऊन लागलंय तुम्हाला."

मजूर पुन्हा खड्ड्यात उतरले. माळी खड्ड्याच्या काठाशी आला. मग एका मजुराचं कडेला पडलेलं फावडं त्याने उचललं आणि शिरिषाकडे निघाला. ती त्याच्या मागून जवळजवळ धावत गेली. वाफ्याशी पोचल्यावर त्याने विटांची एक कड पायाने उडवली.

"मग इथं कोण आहे?" तो म्हणाला. "इतकी वर्षं मी कुणाला पाणी घातलं? बघू दे मला."

त्याने फावडं वर घेतलं. ती पुढे होऊन फुलांमध्ये उभी राहिली. रोपं तिच्या पायाखाली चिरडली. या वाफ्याचा तिने आयुष्यभर मनातल्या मनात द्वेष केला होता.

"बाजूला हो."

"नाही."

"इथं काही नसेलच. नुसती माती असेल. हो बाजूला."

"असेल कुणीतरी," ती म्हणाली. "सगळीकडे आहेत. इथंही असणार."

"कुणाचं?" तो ओरडला. फावडं अजून वरच होतं. "सांग ना, कुणाचं?"

तिने पुढे होऊन फावड्याचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

"त्याच्या आईला माहीत असेल," ती म्हणाली.